‘पुन्हा द्यावे’ : आरोग्यमंत्र्यांस अनावृत पत्र

मा. मंत्रिमहोदय, सार्वजनिक आरोग्य विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई यांचे सेवेशी



हे गाऱ्हाणे मी रीतसर अर्जाच्या रूपाने आपल्याकडे पाठवू शकलो असतो, आणि तसा अर्ज कसा लिहावा हे मला कोणी शिकविण्याची गरज नाही. कारण महसूल खात्यात १९७१ साली कनिष्ठ कारकून म्हणून रुजू होऊन २००७ साली अव्वल कारकून म्हणून सेवानिवृत्त होईपर्यंत माझ्या आयुष्याची छत्तीस वर्षे इतरांचे अर्ज वाचण्यात, त्यांवर टिपणी लिहिण्यात आणि, खरे सांगावयाचे तर, पुष्कळदा त्यांतील उणिवा शोधून ते परत पाठविण्यात गेली आहेत. परंतु याच अनुभवामुळे मला हेही पक्के ठाऊक आहे की, मंत्रालयाच्या बारनिशीत दाखल झालेला अर्ज आवक क्रमांक मिळवून एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर उतरत उतरत, ‘योग्य त्या कार्यवाहीस्तव अग्रेषित’ असा शेरा कपाळी घेऊन, अखेरीस त्याच खिडकीपाशी येऊन पोचतो जिच्याविषयी तो मुळात केलेला असतो. आणि त्या खिडकीतल्या माणसाशी मला वैर धरावयाचे नाही, कारण दर महिन्याला त्याच्याचसमोर मला उभे राहावयाचे आहे. सबब हे अनावृत पत्र. यात मी रुग्णालयाचे, गावाचे वा कोणा व्यक्तीचे नाव घातलेले नाही. कोकणातला एक तालुका, त्यापासून बावन्न किलोमीटरांवरचे जिल्ह्याचे ठिकाण आणि या दोहोंमधून धावणारी सकाळी सव्वासहाची एसटी, एवढा तपशील आपणास पुरेसा व्हावा.

माझी धाकटी बहीण माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान, म्हणजे आज अडुसष्ट वर्षांची आहे. ती नऊ वर्षांची असताना, शाळेतून येता येता पायवाटेवर, तिला प्रथम फेफरे आले. त्या काळच्या रीतीप्रमाणे कोणी कांदा फोडून नाकाशी धरला, कोणी वहाण हुंगविली, आणि आमच्या आजीने ग्रामदेवतेला गाऱ्हाणे घातले. तथापि आमचे वडील प्राथमिक शिक्षक असल्यामुळे आणि शिक्षकाला निदान लाजेखातर तरी शास्त्रावर विश्वास ठेवावा लागत असल्यामुळे, ते तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले व फेनोबार्बिटोनची गोळी सुरू झाली. हे औषध १९१२ सालापासून जगात वापरात आहे. त्याच्यानंतर अपस्मारावर कितीतरी नवी औषधे आली, पण स्वस्त आणि जुने म्हणून ते टिकून राहिले. पुढे त्याला फेनिटॉइनची जोड मिळाली. आज साठ वर्षे होत आली; रात्री फेनोबार्बिटोनची एक, फेनिटॉइनच्या सकाळी एक व रात्री दोन, हा तिचा क्रम घरातल्या देवपूजेइतकाच अखंड चालू आहे, किंबहुना देवपूजा कधीमधी चुकते.

तिचे लग्न झाले नाही. ती एकोणीस वर्षांची असताना, १९७६ साली, हिंदू विवाह कायद्यात दुरुस्ती होऊन, वेडाचे वा अपस्माराचे झटके वारंवार येणारी व्यक्ती विवाहाला अपात्र समजावी, असे कलम त्यात दाखल झाले. आमच्याकडे आलेली दोन स्थळे कायदा वाचून परत गेली असे मी म्हणणार नाही; ती गावातल्या कुजबुजीनेच परत गेली असती; परंतु कुजबुजीला कायद्याचा शिक्का मिळाला की तिचा आवाज वाढतो. १९९९ साली संसदेने त्या कलमातून ‘अपस्मार’ हा शब्द गाळून टाकला. तेव्हा माझी बहीण बेचाळीस वर्षांची होती.

हे विषयांतर झाले. मूळ मुद्दा गोळ्यांचा आहे.

महिन्यातून एका बुधवारी आम्हा दोघांना जिल्ह्याच्या रुग्णालयात जावे लागते. ‘आम्हा दोघांना’ असे मी जाणूनबुजून म्हणतो, कारण औषध घेऊन येण्यास मी एकटा गेलो असता ‘पेशंट कुठं आहे? पेशंटला दाखवल्याशिवाय लिहून मिळणार नाही’ असे उत्तर मला दोनदा मिळालेले आहे. मला पंच्याहत्तर वर्षे पूर्ण झालेली असल्यामुळे एसटीत तिकीट लागत नाही, बहिणीला स्त्री म्हणून अर्धेच तिकीट पडते, आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार निःशुल्क झालेले आहेत. या तिन्ही गोष्टींबद्दल मी शासनाचा मनःपूर्वक ऋणी आहे, आणि यात उपरोध नाही. केवळ एवढेच नम्रपणे नमूद करतो की, शासनाचे एक अंग मला ज्या वस्तूसाठी विनामूल्य वाहून नेते, ती वस्तू शासनाच्या दुसऱ्या अंगाजवळ पुष्कळदा नसते.

साडेआठला केसपेपरच्या रांगेत उभे राहिले की दहाच्या सुमारास कागद हाती येतो. त्यानंतर ओपीडीच्या बाहेरच्या बाकावर, जिथे पंखा आहे पण फिरत नाही अशा जागी, साडेअकरा-बारापर्यंत बसावे लागते. आणि मग आत गेल्यावर जे घडते त्याला, माझ्या घड्याळाप्रमाणे, सव्वा ते दीड मिनिट लागते. डॉक्टर तरुण आहेत, सौजन्यशील आहेत, आणि त्यांच्या दाराशी साठ-सत्तर माणसे खोळंबलेली असतात. ते मागील महिन्याचा कागद पाहतात, “फिट आली होती का?” असे विचारतात, बहीण “नाही” म्हणते, आणि ते मागील कागदावरचा मजकूर नव्या कागदावर उतरवून खाली सही करतात. महोदय, या क्रियेला आमच्या खात्यात एक नाव होते. तिला ‘नक्कल’ म्हणत. सातबाराच्या उताऱ्याची नक्कल, फेरफाराची नक्कल, दाखल्याची नक्कल. ती करण्यास सुवाच्य अक्षर आणि थोडा संयम लागे, पण एम.डी.ची पदवी लागत नसे. ज्या विद्वान माणसाला घडविण्यास समाजाने दहा वर्षे खर्च केली, त्याला बुधवारची अर्धी सकाळ नक्कलनवीस करून ठेवावे, ही उधळपट्टी माझ्या गैरसोयीहून मला अधिक खुपते.

यानंतर खिडकी. तिच्यावरचा गृहस्थ वाईट नाही. तो मला ‘काका’ म्हणतो आणि दुरून पाहताच मान हलवितो, म्हणजे रांगेत उभे राहण्याचा माझा वेळ वाचावा. चिठ्ठीवर तो ज्या औषधापुढे ‘एन. ए.’ अशी दोन अक्षरे लिहितो ते शिल्लक नाही असे समजावयाचे.

“पुढच्या आठवड्यात येईल का?”

“वरून आलं तर येईल, काका. बाहेरून घ्या ना तोपर्यंत.”

‘वरून’ या शब्दाचा मी पुष्कळ विचार केला आहे. आमच्या कोकणात वरून येणाऱ्या मुख्य गोष्टी दोन, पाऊस आणि पुरवठा. पैकी पावसाचा मृगाशी काही करार तरी आहे, आणि तो लांबला तर शेतकरी आकाशाकडे पाहून काही अटकळ बांधू शकतो. पुरवठ्याला नक्षत्र नाही. औषधखरेदीची व्यवस्था राज्यात मध्यंतरी बदलली, २०२३ साली तिच्यासाठी स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदाही झाला, आणि हे बदल करणाऱ्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचा मला अधिकार नाही. पण वरची पाटी बदलली म्हणून खालच्या खिडकीतले वाक्य बदलते असा माझा अनुभव नाही. मला जे कळत नाही ते असे: साठ वर्षांत जिची मात्रा फारशी बदललेली नाही, अशा बाईला पुढील महिन्यात किती गोळ्या लागतील हे भाकीत करण्यासाठी कोणत्या ज्योतिषाची आवश्यकता असावी? तीस आणि नव्वद. एकतीस दिवसांचा महिना असेल तर एकतीस आणि त्र्याण्णव. साथीच्या रोगाचा अंदाज चुकू शकतो, अपघाताचा चुकू शकतो. जुनाट रोग ही तर आरोग्यखात्याच्या हिशेबातली एकमेव अशी बाब आहे की जिची मागणी आदल्या वर्षीच पैन्‌पै लिहून ठेवता येते.

आता ‘बाहेरून घ्या’ या सल्ल्याविषयी. फेनोबार्बिटोनची एक गोळी टपरीवरच्या अर्ध्या चहाहूनही स्वस्त आहे, आणि नेमके हेच तिचे दुर्दैव आहे. कारण जिच्यात विक्रेत्याला सुटण्यासारखे काही नाही आणि जी गुंगी आणणाऱ्या द्रव्यांत मोडत असल्यामुळे १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या यादीत जिचे नाव आहे, ती गोळी ठेवून तपासणीचा ससेमिरा मागे लावून घेण्यापेक्षा ‘आपल्याकडं नसते’ असे सांगणे मेडिकलवाल्याला सोयीचे पडते. तालुक्याच्या बाजारपेठेतील चार दुकाने मी पालथी घातली आहेत. एकाने माझ्याकडे नखशिखांत पाहून “झोपेची गोळी कशाला हवी आजोबा?” असे विचारले. दुसऱ्याकडे ती होती, पण चिठ्ठी मागल्या महिन्याची म्हणून त्याने ती दिली नाही, आणि त्याच्या परीने तो बरोबर होता. तिसऱ्याने दुसऱ्याच कंपनीची, दुसऱ्याच ताकदीची गोळी पुढे केली व ‘अर्धी-अर्धी करून द्या’ असे सुचविले.

अर्धी करण्याची ही कल्पना माझ्या बहिणीलाही स्वतंत्रपणे सुचलेली होती, हे मला फार उशिरा कळले.

आमच्या आईचा एक पितळी पानाचा डबा घरात आहे. विडा खाणारे आता कोणी उरले नाही, म्हणून त्यात बहिणीच्या गोळ्या असतात. सुपारीच्या कप्प्यात फेनिटॉइन, काताच्या कप्प्यात फेनोबार्बिटोन, लवंगांच्या लहान कप्प्यात काही नाही, आणि खालच्या खणात अडकित्ता, आईची आठवण म्हणून, तेल लावून ठेवलेला. गेल्या वर्षी श्रावणाच्या अखेरीच्या बुधवारी खिडकीवर फेनोबार्बिटोनपुढे ‘एन. ए.’ पडले आणि फेनिटॉइन ‘सध्या दहाच दिवसांच्या देतोय’ म्हणून तीसच गोळ्या मिळाल्या. काताच्या कप्प्यात अकरा शिल्लक होत्या. मी बहिणीला म्हणालो, “काळजी करू नकोस, काहीतरी व्यवस्था करतो.” ती म्हणाली, “दादा, तू सारखा एवढा लांब जाऊ नकोस, पुरवून घेऊ.” ‘पुरवून घेणे’ हा आमच्या घरातल्या स्त्रियांचा पिढीजात गुण, तांदूळ, रॉकेल, साखर, सणाचे कपडे, सारे काही त्यांनी आयुष्यभर पुरवूनच घेतलेले. मी त्या शब्दाकडे लक्ष दिले नाही. गौरी-विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीत बसून ती सुपात तांदूळ निवडीत असता मला घरात सूप जमिनीवर आपटल्याचा आवाज आला, आणि अकरा वर्षांत जे घडले नव्हते ते घडले. मी तिला कुशीवर वळविले, डोक्याखाली पंचा सारला, तोंडात काही घालावयाचे नाही हे शेजारणींना ओरडून सांगितले आणि घड्याळाकडे पाहत राहिलो. चार मिनिटे. नंतर ती झोपली. तिच्या मनगटात हिरव्या बांगडीचा तुकडा रुतला होता, आणि तांदळाचे दाणे पायरीखाली अंगणातल्या चिखलापर्यंत गेले होते. संध्याकाळी गोळी देण्यासाठी मी डबा उघडला तेव्हा लवंगांच्या रिकाम्या कप्प्यात मला अर्ध्या गोळ्यांची ओळ दिसली. दोन्ही जातीच्या. अडकित्त्याने कातरलेल्या, कडा थोड्या चुरलेल्या, पण मोठ्या निगुतीने मांडलेल्या.

पुढे डॉक्टरांनी समजावून सांगितले तेव्हा कळले की फेनोबार्बिटोन एकाएकी कमी करणे हाच मुळी झटक्याला आमंत्रण देण्याचा प्रकार आहे, आणि फेनिटॉइनचे गणित तर त्रैराशिकाने चालतच नाही. मात्रा अर्धी केली म्हणजे रक्तातले औषध अर्धे होते असे नव्हे, ते अर्ध्याहूनही पुष्कळ खाली उतरते. शिवाय रक्तात साठलेले औषध उतरावयास काही दिवस लागत असल्यामुळे अपराध घडतो एका आठवड्यात आणि शिक्षा होते पुढल्या आठवड्यात. त्यामुळे खिडकीवरच्या ‘एन. ए.’चा आणि पडवीतल्या त्या चार मिनिटांचा संबंध कोणत्याही नोंदवहीत लागत नाही.

त्या घटनेनंतर मी कायदा वाचावयास घेतला. हा माझा जुना व्यवसाय. माझी अशी समजूत होती की महिन्यामहिन्याला नव्या चिठ्ठीचा हा आग्रह कोणत्यातरी कठोर नियमातून उत्पन्न झाला असावा, आणि तो नियम बदलून मागावा असा मजकूर माझ्या मनात तयारही होता. परंतु १९४० च्या औषधविषयक अधिनियमाखालील १९४५ च्या नियमांतील ६५ वा नियम वाचता मला निराळीच गोष्ट आढळली. त्या नियमाचा आशय असा की, अनुसूची ‘एच’मधील औषधाची चिठ्ठी एकाहून अधिक वेळा वापरून औषध देऊ नये, मात्र ती पुन्हा वापरावी असे चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरनेच तीवर लिहिलेले असेल तर गोष्ट वेगळी; किती वेळा द्यावे वा किती अंतराने द्यावे हे त्याने लिहिले असेल तर विक्रेत्याने त्याबरहुकूम वागावे, आणि प्रत्येक वेळी औषध दिल्यावर चिठ्ठीवर आपले नाव, पत्ता व तारीख नोंदवावी. म्हणजे ज्या सोयीसाठी मी गेली कित्येक वर्षे झुरतो आहे ती सोय माझ्या जन्माच्या चार वर्षे आधीपासून कायद्यात लिहिलेली आहे! ज्यांनी ती लिहिली त्या इंग्रजी अमदानीतील अधिकाऱ्यांना जुनाट रोग म्हणजे काय हे समजत होते. चिठ्ठीचा गैरवापर होऊ नये एवढी सावधगिरी त्यांनी बाळगली, परंतु रोग्याने दर महिन्याला स्वतःला नव्याने सिद्ध करावे असे त्यांनी कोठेही म्हटले नाही.

मी पुढल्या बुधवारी डॉक्टरांसमोर नियमाची प्रत ठेवली आणि ‘दर तीस दिवसांनी, याप्रमाणे पाच वेळा पुन्हा द्यावे’ एवढे कागदावर लिहावे अशी विनंती केली. त्यांनी ती प्रत खरोखर वाचली. मग म्हणाले, “बरोबर आहे काका, पण असं इथं कोणी लिहीत नाही. उद्या काही झालं तर माझ्यावर येईल.” खिडकीवरच्या गृहस्थाने सांगितले की बाहेरच्या दुकानाचे त्याला ठाऊक नाही, त्याच्या खिडकीला मात्र आजच्या तारखेचा कागद लागतो, हा इथला शिरस्ता आहे. शिरस्ता! हा शब्द ऐकून मला आप्त भेटल्यासारखे झाले. महोदय, नियम बदलता येतो, हुकूम फिरविता येतो, कायद्याविरुद्ध न्यायालयात जाता येते. शिरस्त्याविरुद्ध कोठे जावे हे मला छत्तीस वर्षांच्या नोकरीतही उमगले नाही, कारण त्याचा कोणी कर्ता नसतो, त्याखाली कोणाची सही नसते, आणि त्याचे पालन मात्र सर्वांहून कडक होते.

येथे एक तुलना केल्यावाचून राहवत नाही. मी निवृत्तिवेतनधारक आहे. मी जिवंत आहे की नाही याविषयी शासनाला साहजिकच कुतूहल असते, कारण माझ्या जिवंत असण्याचा दरमहा खर्च त्याच्या तिजोरीवर पडतो. तरीही ते कुतूहल वर्षातून एकदाच, नोव्हेंबर महिन्यात, हयातीच्या दाखल्याने शमते. पूर्वी बँकेत जाऊन नोंदवहीत सही करावी लागे, आता यंत्रावर अंगठा टेकविला तरी भागते. म्हणजे मी जिवंत आहे यावर शासन बारा महिने विश्वास ठेवते. माझी बहीण आजारी आहे यावर मात्र ते तीस दिवसांपलीकडे विश्वास ठेवावयास तयार नाही. वस्तुतः अडुसष्टाव्या वर्षी साठ वर्षांचा अपस्मार आपोआप बरा होण्याची शक्यता किती, आणि शहात्तराव्या वर्षी माणूस मरण्याची शक्यता किती, याचा विचार केला तर तपासणीच्या या दोन मुदतींची अदलाबदल करणे अधिक शास्त्रशुद्ध ठरेल.

याचा अर्थ डॉक्टरांनी तिला पाहूच नये असा कोणी काढू नये. उलट माझी तक्रार अशी आहे की तिला कोणी पाहतच नाही. फेनिटॉइनने हिरड्या वाढतात, आणि तिच्या वाढलेल्या आहेत. ही दोन्ही औषधे दीर्घकाळ घेतली असता हाडे ठिसूळ होतात, आणि अडुसष्ट वर्षांच्या, फेफऱ्याने कधीही पडण्याचा संभव असलेल्या बाईची हाडे कशी आहेत हे विचारण्याजोगे आहे. पण वर्षातून बारा वेळा दीड मिनिट म्हणजे अठरा मिनिटे. तीच अठरा मिनिटे दोन भेटींत वाटून दिली, एक आषाढाआधी आणि एक दिवाळीनंतर, तर डॉक्टरांना तिच्या हिरड्या पाहण्यास फुरसत मिळेल, रक्त तपासता येईल, आणि मधल्या दहा महिन्यांत त्यांच्या दारापुढील रांग तितकी आखूड होईल. ही रांग लांब का असते याचा हिशेब कोणी केला तर त्यात माझ्या बहिणीसारखी, काहीही नवीन न घडलेली, केवळ नक्कल घेण्यासाठी आलेली माणसे बरीच भरतील असा माझा कयास आहे. रक्तदाबाची, मधुमेहाची, थायरॉइडची, मानसिक आजारांची. त्यांच्या हातातल्या पिशव्यांवरून मी त्यांना आता ओळखतो. नव्या रोग्याच्या हाती पाण्याची बाटली असते. जुन्याच्या हाती फाईल आणि जेवणाचा डबा.

‘हे करणे अशक्य आहे’ असे आपले सचिव आपणास सांगतील म्हणून दोन दाखले देऊन ठेवतो. क्षयरोगाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात १९९७ नंतर अशी पद्धत आली की रोग्याची नोंद होताच त्याच्या संपूर्ण उपचाराची औषधे एका पेटीत भरून त्या पेटीवर त्याचे नाव लिहावयाचे. ती पेटी त्याच्या घराजवळच्या आरोग्यकेंद्रात राही आणि तीतली गोळी दुसऱ्या कोणाला देता येत नसे. मी अशी एक पेटी आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, आमच्याच वाडीतल्या एका माणसाच्या नावाची, डोळ्यांनी पाहिलेली आहे, आणि तिच्याइतकी सुसंस्कृत शासकीय वस्तू मी दुसरी पाहिलेली नाही. दुसरा दाखला दक्षिणेतला. तामिळनाडूने ऑगस्ट २०२१ मध्ये ‘मक्कळै तेडि मरुत्तुवम्’ ही योजना सुरू केली. लोकांच्या शोधात जाणारे वैद्यक, असा त्या नावाचा अर्थ. तीत रक्तदाब व मधुमेहाच्या रोग्यांना नेहमीची औषधे घरी नेऊन देतात. फार दूर कशाला, २०२० च्या टाळेबंदीत जेव्हा एसटी बंद होती आणि रुग्णालयात जाणे दुरापास्त होते, तेव्हा आमच्या वाडीच्या आशाताईने दोन महिन्यांच्या गोळ्या एका पाकिटात घालून पडवीच्या कठड्यावर आणून ठेवल्या होत्या. पाकिटावर बहिणीचे नाव होते. त्या काळात कोणी ‘पेशंटला आणा’ असे म्हटले नाही, आणि आभाळ कोसळले नाही. मार्ग मोकळे झाले तशी ती सोय संपली.

मला हे सारे इतक्या मोकळेपणाने लिहिता येते याचे कारण खिडकीच्या आतल्या बाजूस मी स्वतः बसलेलो आहे. संजय गांधी निराधार योजनेच्या एका म्हाताऱ्या अर्जदार बाईला मी उत्पन्नाच्या दाखल्यावरील तारीख जुनी म्हणून परत पाठविले होते. पंधरा दिवसांनी ती नवा दाखला घेऊन आली तेव्हा रहिवासाच्या दाखल्याची मुदत संपलेली होती, आणि मी तिला पुन्हा पाठविले. ती भूमिहीन होती, भूमिहीन राहणार होती, आणि हे मला, तलाठ्याला व तिला, तिघांनाही ठाऊक होते. मी नियमाप्रमाणे वागत होतो असे मला त्या वेळी प्रामाणिकपणे वाटत असे. आज विचार करता तोही बहुधा शिरस्ताच असावा. तिसऱ्या खेपेस ती आली नाही; का आली नाही याची चौकशी मी केली नाही. २००५ च्या कायद्याने कोणतीही नस्ती सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक काळ टेबलावर ठेवण्यास मनाई केली तेव्हा माझी निवृत्ती जवळ आली होती. त्या कायद्याची आम्ही पुष्कळ थट्टा केली. पण नस्ती सात दिवस पडून राहिली तर नस्तीला काही होत नाही.

तेव्हा माझे मागणे नवीन कायद्याचे नाही, नव्या योजनेचे नाही, आणि कृपा करून कोणा महापुरुषाचे नाव द्यावयाच्या नव्या अभियानाचे तर मुळीच नाही. आपल्या सहीने एक परिपत्रक निघावे, आणि त्यात एवढेच असावे की दीर्घकालीन औषधांच्या चिठ्ठीवर, प्रकृती स्थिर असल्याची खात्री करून, डॉक्टरांनी ‘पुन्हा द्यावे’ असे मुदतीसह लिहावे; तसे लिहिणे हा नियमभंग नसून नियम ६५ चेच पालन आहे, आणि त्याबद्दल कोणावर ठपका येणार नाही; तशी चिठ्ठी रुग्णालयाच्या व आरोग्यकेंद्राच्या खिडकीने मान्य करावी; गोळ्या घेण्यास रोग्याच्या घरचे माणूस आले तरी चालावे; आणि त्या बावन्न किलोमीटरांवर न ठेवता आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ठेवाव्यात, जे घरापासून चालत पाऊण तासावर आहे आणि जिथे आजही त्या पेटीचे कपाट आहे. साठा संपणार असेल तर तो संपण्यापूर्वी पंधरा दिवस फळ्यावर लिहावे. फळा तिथे आहे. सध्या त्यावर मागल्या वर्षीच्या लसीकरणाची तारीख आहे, ती पुसावी लागेल.

परिपत्रक निघाल्यास त्याची एक प्रत माझ्या पदरी पडावी, म्हणजे डॉक्टरांना ती दाखविता येईल. त्यांची लिहिण्याची तयारी आहे. त्यांना फक्त कोणाच्यातरी सहीचा आडोसा हवा आहे, आणि तो हवासा वाटण्यात मला काही गैर दिसत नाही.

आज सोमवार. हे पत्र लिहिण्यापूर्वी मी पितळी डबा उघडून पाहिला: काताच्या कप्प्यात चार, सुपारीच्या कप्प्यात चौदा. अडकित्ता मी माझ्या ट्रंकेत कुलपाखाली ठेवला आहे; बहिणीने विचारले तेव्हा धार लावण्यास दिला आहे असे सांगितले, आणि तिला ते खरे वाटले नसावे. परवा बुधवार आहे. पहिली गाडी सव्वासहाची. पावसाने खालचा साकव गेला नसेल तर वेळेवर पोचू.

कळावे,

आपला विश्वासू,
एक सेवानिवृत्त अव्वल कारकून